गाण्याचे नाव पुरे नाही, ध्वनिमुद्रण कोणते तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी पॉप आणि कंट्री गाण्यांवर पुरवण्यांमधून अधूनमधून लेख येतात. गायकाचे नाव, साल, गाणे कितव्या क्रमांकावर पोहोचले आणि ते ऐकून लेखकाला काय काय आठवले, एवढ्यात बहुतेक लेख आटोपतात. आठवणींबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, लेखक नेमक्या कोणत्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलतो आहे याचा पत्ताच लागत नाही. हा तपशील किरकोळ नाही. शब्द आणि चाल कागदावरही असते. लोकांनी डोक्यावर घेतले ते मात्र एक ठरावीक ध्वनिमुद्रण, ठरावीक वादकांचे, ठरावीक लांबीचे आणि ठरावीक वेगाचे. आज मोबाइलवर तेच नाव दाबले की तेच वाजेल, याची अजिबात खात्री नाही.

कंट्रीचे उदाहरण आधी घेतो, कारण तिथे हा मुद्दा सर्वांत लख्ख दिसतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओत वादकांपुढे बहुधा पूर्ण स्वरलिपी नसायची. एक कागद असायचा आणि त्यावर आकडे. ही नॅशव्हिल नंबर सिस्टीम. ‘जॉर्डनेअर्स’ या गायकचमूतल्या नील मॅथ्यूज यांनी ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरायला सुरुवात केली आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती सगळ्यांच्या अंगवळणी पाडली. आकडा म्हणजे सप्तकातली पायरी. ‘सा’वर उभी असलेली कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर) १, ‘म’वरची ४, ‘प’वरची ५. आकड्यापुढे बारीक आडवी रेघ असली की ती कॉर्ड मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, उदास छटेची. जॉन डेन्व्हर यांच्या १९७१ सालच्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’चे ध्रुवपद असे लिहिले तर अर्धे होते १ ५ ६- ४ आणि उरलेले अर्धे १ ५ ४ १. झाले ध्रुवपद. एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका मापात, दोन कॉर्ड असतील तर त्या दोन आकड्यांखाली रेघ. कॉर्ड एकदाच वाजवून लांबवायची असेल तर आकड्याभोवती हिऱ्याच्या आकाराची चौकट. गायिकेला पट्टी चढी वाटली तर कागद पुन्हा लिहावा लागत नाही. पेटीवाल्याला काळी चारऐवजी काळी दोन धरा म्हटले तर तो काही नवे नोटेशन मागत नाही, तसाच हा प्रकार.

आता या कागदावर काय नसते ते पाहा. सुरुवातीचा पियानो नसतो. दोन ओळींच्या मध्ये स्टील गिटार भरते ती जागा नसते. बास कुठे थांबतो, ड्रमवाला काठी सोडून ब्रश कधी घेतो, यातले काहीच नसते. ते सगळे वादक जागच्या जागी रचत. सत्र तीन तासांचे, आणि तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची असत. चार्ली रिच यांचे १९७३ चे ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ ज्या पियानोने सुरू होते तो हार्गस रॉबिन्स या दृष्टिहीन पियानोवादकाचा. क्रिस्टल गेल यांच्या १९७७ च्या ‘डोन्ट इट मेक माय ब्राउन आइज ब्लू’वरचा पियानोही त्यांचाच. रचनाकार म्हणून नावे लागतात ती अनुक्रमे केनी ओडेल आणि रिचर्ड ली यांची, आणि त्यात काही गैर नाही. पण सुरुवातीचा पियानो झाकून ही गाणी किती जण ओळखतील? म्हणूनच वीस वर्षांनी एखादा गायक तेच आकडे दुसऱ्या वादकांपुढे ठेवून गातो तेव्हा नाव तेच राहते, माल वेगळा निघतो.

यातली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे पेडल स्टील गिटार. लेखांमध्ये तिला ‘रडवी गिटार’ म्हणून सोडून देतात. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती पायांवर उभी, टेबलासारखी आडवी असते. ई-नाइन जुळणीत दहा तारा, खाली साधारण तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे चार-पाच खटके. डाव्या हातात लोखंडी दांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. पहिले पेडल ‘बी’च्या तारा एक पूर्ण स्वर चढवून ‘सी शार्प’वर नेते, दुसरे ‘जी शार्प’च्या तारा अर्धा स्वर चढवून ‘ए’वर. दोन्ही एकदम दाबली की ई कॉर्डची ए होते, म्हणजे १ वरून ४ वर. खरी गंमत पुढे आहे. हे होताना ‘ई’च्या तारा जागच्या हलत नाहीत. एक सूर स्थिर, त्याच्या शेजारचे दोन वेगवेगळ्या अंतराने वर सरकतात, आणि तो हुंदका तिथे तयार होतो. उजव्या पायाखाली आवाजाचे वेगळे पेडल असते. तार छेडताना ते सैल ठेवतात आणि लगेच हळूहळू दाबतात, त्यामुळे छेडल्याचा ठोका ऐकू येत नाही, सूर नुसता फुलतो. तेच गाणे नंतर पुन्हा गाऊन केलेल्या स्वस्त ध्वनिमुद्रणांत हेच काम की-बोर्डवर उरकलेले असते. तिथे चाक फिरवले की सगळे सूर एकदम, सारख्याच अंतराने वर जातात. एकदा हा फरक कानाला कळला की नक्कल पहिल्या अर्ध्या मिनिटात पकडता येते.

पॉपच्या बाजूला कागदाची जागा टेपने घेतली होती. दोन इंच रुंद टेप, त्यावर सोळा किंवा चोवीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज साठवणाऱ्या समांतर पट्ट्या. सेकंदाला तीस इंच वेगाने चालवली तर अडीच हजार फुटांचे रीळ सोळा-सतरा मिनिटांत संपते. ‘टेनसीसी’ या इंग्लिश चमूचे १९७५ चे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ घ्या. त्यामागे जो धुकट आवाज आहे तो वाद्याचा नाही. तिघांनी एकच सूर ‘आ’कारात सोळा वेळा गायला, म्हणजे त्या एका सुरासाठी अट्ठेचाळीस आवाज झाले. असे प्रत्येक सुराचे केले, प्रत्येकाची टेप कापून टोके जोडून फिरते कडे बनवले आणि ती सगळी कडी मुख्य टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवली. मग मिक्सिंगच्या टेबलावरचे सरकते खटके वर-खाली करून कॉर्ड ‘वाजवल्या’. खटका अगदी तळाशी जाऊ नये म्हणून खाली चिकटपट्टी लावलेली होती. त्यामुळे नको असलेले सूरही अगदी बारीक आवाजात सतत चालू राहतात. हेडफोन लावून शांत जागी ऐकले तर तो सुरांचा गाळ तळाशी जाणवतो. कोरस गायक बोलावून किंवा सिंथेसायझरवर हे पुन्हा जमत नाही, कारण परिणाम चांगल्या गाण्यातून नव्हे, त्या गळतीतून आला आहे.

टेपचा दुसरा गुण म्हणजे तिचा वेग बदलता येतो. ‘आबा’ (ABBA) या स्वीडिश चमूचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो आधी वाजवलेल्या साथीवर तीच साथ पुन्हा वाजवून घेत, पण टेपचा वेग किंचित बदलून. दोन्ही थर मिळून सूर जाड आणि झळाळता होतो. नुसती प्रत काढून एकावर एक ठेवली तर आवाज फक्त मोठा होतो, जाड होत नाही. बीजीज यांच्या १९७७ च्या ‘स्टेइंग अलाइव्ह’चा ठेका तर अख्खा टेपच्या कड्यावर चालतो. ड्रमवादक उपलब्ध नव्हता, म्हणून त्यांच्याच ‘नाइट फीव्हर’च्या ध्वनिमुद्रणातले दोनेक बार कापून त्यांचे कडे फिरवले. श्रेयनामावलीत ड्रमवादक म्हणून ‘बर्नार्ड लूप’ हे थट्टेचे नाव दिले. मिनिटाला सुमारे १०३ ठोके, जराही न हलणारे. छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याच्या प्रशिक्षणात हे गाणे सांगतात ते याच कारणाने. तिथे मिनिटाला १०० ते १२० दाब लागतात.

टेप झिजते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. फ्लीटवूड मॅकच्या १९७७ च्या ‘रूमर्स’ या एलपीच्या (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकडीच्या) वेळी मूळ रीळ इतक्या वेळा यंत्रावरून गेले की चुंबकीय थर घासला जाऊन ड्रमचे वरचे, खणखणीत सूर मरू लागले. मूळ वादनाची दुसरी टेप शिल्लक होती. मग दोन यंत्रे शेजारी लावून, एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरी ऐकत, हाताने वेग जुळवत सगळे नव्या टेपवर उतरवावे लागले. ‘ड्रीम्स’ हे त्याच एलपीवरचे. जवळजवळ संपूर्ण गाणे दोन कॉर्डवर चालते. ‘दोन कॉर्डचे सोपे गाणे’ असे लिहिताना एवढे तरी ध्यानात असावे.

मग लांबी. सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर, म्हणजे सिंगलवर, मोठा आवाज म्हणजे खाचेचे रुंद हेलकावे, आणि रुंद हेलकावे म्हणजे जास्त जागा. तीन-साडेतीन मिनिटांत सगळे ठणठणीत बसते. पाच-सहा मिनिटे कोंबायची तर आवाजाची पातळी खाली आणावी लागते. शिवाय सुई आत सरकते तसा खाचेचा वेग घटतो, सुरुवातीला सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर, तर शेवटी २५ च्या आसपास. परिणामी शेवटच्या कडव्यातले ‘स’ आणि ‘श’ फाटके येतात. बास दोन्ही कर्ण्यांत सारखा ठेवतात तोही याच व्यवहारातून; तो एका बाजूला टाकला तर सुई उभी उडते. त्यामुळे रेडिओवर आणि दुकानात जे गाजले ते पुष्कळदा कापलेले गाणे होते. ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ एलपीवर सहा मिनिटांचे, अमेरिकेत गाजलेले सिंगल पावणेचारच्या आसपास. ‘स्टेइंग अलाइव्ह’ एलपीवर पावणेपाच मिनिटे, सिंगल साडेतीन. डॉन मॅकलीन यांचे साडेआठ मिनिटांचे ‘अमेरिकन पाय’ तबकडीच्या दोन बाजूंवर विभागून विकले गेले आणि जानेवारी १९७२ मध्ये तसेच पहिल्या क्रमांकावर गेले. क्वीनचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आणि ईगल्सचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ कापू न देण्यावरून चमूंनी कंपन्यांशी वाद घातले, आणि माझ्या मते ते बरोबर होते. पण कात्री नेहमीच वाईट असते असेही नाही. ‘स्टेइंग अलाइव्ह’चे सिंगल मला एलपीपेक्षा अधिक घट्ट वाटते.

वेगाचे गणित सोपे आहे. टेप किंवा तबकडी सहा टक्के जोरात फिरली की गाणे अर्धा स्वर चढते. तीन टक्क्यांत ते पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकते आणि साथ करणाऱ्याला वाटते आपलेच वाद्य उतरले. सिंगल जरा चमकदार वाटावे म्हणून मूळ टेप किंचित वेगाने चालवणे तेव्हा नेहमीचे होते आणि काही रेडिओ केंद्रे तबकडीही पळवत. उलट प्रकार इंटरनेटवर फिरतो: डॉली पार्टन यांचे ‘जोलीन’ ४५ ऐवजी ३३⅓ फेऱ्यांवर. मूळ गाणे काळी एक पट्टीत मायनर, २ मिनिटे ४१ सेकंदांचे. गिटारवर चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए मायनरचे आकार धरले की जुळते. संथ केले की पाचेक अर्धे स्वर उतरून खालच्या काळी चारच्या आसपास येते आणि ३ मिनिटे ३७ सेकंद चालते. आवाज पुरुषी, भारदस्त वाटतो. ऐकायला झकास आहे, पण ते १९७३ चे हिट गाणे नव्हे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ बसवणाऱ्यांसाठी जाता जाता: कॅपो सातव्या पडद्यावर, गाणे पांढरी सात मायनरमध्ये. आधी ते ई मायनरमध्ये ध्वनिमुद्रित केले होते. डॉन हेन्ली यांना चढे पडले म्हणून पट्टी बदलून पुन्हा केले.

कंट्री की पॉप, हा वाद तेव्हा चांगलाच पेटला होता. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना दिला म्हणून जुन्या मंडळींनी वेगळी संघटना काढली. पुढच्या वर्षी मंचावर चार्ली रिच यांनी विजेते म्हणून जॉन डेन्व्हर यांचे नाव असलेला कागद लायटरने पेटवला. त्याच १९७५ मध्ये ग्लेन कॅम्बेल यांचे ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिले आले. गमतीचा भाग म्हणजे कागद जाळणाऱ्यांची स्वतःची गाजलेली गाणी व्हायोलिनच्या ताफ्याने गुळगुळीत केलेली होती. सीमारेषा पुष्कळदा मिक्समध्येच, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करतानाच, आखली जायची. पार्टन यांच्या १९७७ च्या ‘हिअर यू कम अगेन’मध्ये स्टील गिटार आहे ती त्यांच्या आग्रहाने. गाणे निव्वळ पॉप आहे असे कोणी म्हणाले तर बोट दाखवायला काही तरी हवे होते.

आता खरी डोकेदुखी, तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करणे. मूळ ध्वनिमुद्रण सहसा कंपनीच्या मालकीचे असते. तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावरची करारातली बंदी संपली की गायक तेच गाणे दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गातो, आणि संग्रहांत तेच स्वस्तात मिळते म्हणून तेच भरले जाते. मुखपृष्ठावर फोटो मात्र तरुणपणचा. ओळखण्यासाठी आधी लांबी पाहावी. पाच-दहा सेकंदांचा फरक सोडून द्यावा, अर्ध्या मिनिटाचा फरक संशयास्पद. मग शेवट ऐकावा. मूळ गाणे हळूहळू विरत असेल आणि हातातले ठोका देऊन थांबत असेल तर ते दुसरे आहे. पट्टी एक-दोन स्वर खाली आली असेल तर वयाचा हिशेब लागतो. ड्रमवर लांब, काचेरी घुमारा असेल तर काम ऐंशीच्या दशकातले किंवा नंतरचे. सत्तरच्या दशकात ड्रमवर टॉवेल, पोटात घोंगडी घालून आवाज मुद्दाम कोरडा आणि आखूड ठेवायची रीत होती. गोलातल्या ‘पी’पुढचे (ध्वनिमुद्रणाच्या हक्काच्या खुणेपुढचे) साल पाहावे, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण संग्रहावर बऱ्याचदा संग्रहाचेच साल असते. बारीक अक्षरांत ‘रि-रेकॉर्डेड’ लिहिलेले सापडले तर प्रश्नच मिटला.

‘रीमास्टर्ड’ हा शब्द वेगळा. त्यात ध्वनिमुद्रण मूळचेच असते, फक्त नव्याने तयार केलेले. दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच टेपांमधला चिकट थर दमट हवा शोषून गिळगिळीत होतो आणि वाजवताना यंत्राला चिकटून सुटतो. अशा टेपा साधारण ५०-५५ अंश सेल्सिअसवर काही तास शेकतात आणि टेप पुन्हा बिघडायच्या आत प्रत काढतात. हे काम आदरास पात्र आहे. बिघडते ते पुढे, आवाज मोठा करण्याच्या हव्यासात आवाजाची सर्वांत उंच टोके छाटली जातात तेव्हा. पारख करायची तर दोन आवृत्त्या लावून कडव्यातला गळा दोन्हींत सारखा मोठा ऐकू येईल असा आवाज जुळवावा आणि मग ध्रुवपद ऐकावे. एकीत ते उसळत असेल आणि दुसरीत नुसतेच चालू राहत असेल, तर दुसरी चेपलेली आहे. आवाज न जुळवता तुलना केली तर कान नेहमी मोठ्याच्या बाजूने कौल देतो. अनेक ॲप आता सगळ्या गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायच्या एककाच्या) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे छाटून मिळवलेला मोठेपणाही हाती राहत नाही.

क्रमांकांबद्दल एवढेच सांगतो, की १९९१ पूर्वी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत साप्ताहिकाची यादी दुकानांनी आणि रेडिओ केंद्रांनी कळवलेल्या माहितीवर बनत असे, यंत्रावर मोजलेल्या विक्रीवर नव्हे. ‘तेव्हा इतक्या प्रती खपल्या’ असे ठाम वाक्य छापण्यापूर्वी दोनदा तपासावे. अमेरिकेत तेव्हा, म्हणजे १९८९ पूर्वी, सोनेरी सिंगल म्हणजे दहा लाख प्रती, एवढा आधार मात्र पक्का आहे.

विनंती अशी, की यापुढे गाण्याच्या नावापुढे कंसात साल, एलपी की सिंगल, आणि मिनिटे-सेकंद द्यावेत. एक ओळसुद्धा वाढणार नाही. पुढचा लेख कॅरन आणि रिचर्ड या बहीण-भावाच्या ‘कार्पेंटर्स’वर असेल तर ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’पाशी जरा थांबावे. ते १९७२ च्या ‘अ साँग फॉर यू’ या एलपीवर आहे. लिन अँडरसन यांनी ते गाऊन कंट्री यादीत वर नेल्यावर कार्पेंटर्सनी १९७३ मध्ये ते सिंगल म्हणून काढले आणि ते पहिले आले. पण कॅरन यांना एलपीवरचे आपले गाणे पसंत नव्हते, म्हणून सिंगलसाठी त्यांनी ते पुन्हा गायले. रिचर्ड यांनी पुढच्या दशकांत आपल्या अनेक गाण्यांचे मिक्सही नव्याने केले. म्हणजे इथे लेबल तेच, गळा तोच, नक्कल कोणतीच नाही, तरी रेडिओवर गाजलेले गाणे एकच. ते १९७३ अखेरच्या त्यांच्या सिंगल्सच्या संग्रहावर मिळते, ‘अ साँग फॉर यू’वर नाही.

आपला,
एक वाचक